आईला घेऊन मित्रमैत्रिणींसोबत बेटावर जाताय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

आई पण हवी, ग्रुप पण हवा आणि जायचंय बेटावर, असं म्हटलं की बहुतेक जण सांगतात दोन वेगळ्या ट्रिपा कर ना, कशाला खिचडी. मी नाही तसं सांगणार. मी हे दोनदा केलंय, आई आणि आम्ही चार मैत्रिणी, पहिल्या वेळी आई पासष्टची होती, गुडघे दुखरे, बीपीची गोळी चालू. त्या वेळी ज्या चुका झाल्या त्या दुसऱ्या वेळी टाळल्या आणि इतका फरक पडला की आता पुढचं कधी हे आईच विचारते. मी सगळीकडे 'आई' असं लिहितेय, पण बाबांना नेत असाल तरी सगळं तेच लागू आहे.

पायरी १: तिकिटांच्या आधी आईशी बसून बोला

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच आपण करत नाही. आपण परस्पर ठरवतो की तिला हे झेपेल, ते आवडेल. आम्ही ठरवून टाकलं होतं की आईला किनाऱ्यावर खुर्चीत बसून सूर्यास्त बघायला आवडेल, तीन दिवस तिला तिथेच बसवलं, चौथ्या दिवशी ती हळूच म्हणाली की मला ते पाण्यात डोकं घालून मासे बघायचे होते गं, पण तुमची घाई असते म्हणून बोलले नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं. म्हणून सरळ विचारा: पाण्यात उतरायचंय का, किती चालायला जमेल, बोटीची भीती वाटते का, दुपारी झोप लागतेच का, रूम कोणासोबत हवी.

मग ग्रुपशी बोला, आई समोर नसताना. कोण उशिरापर्यंत जागणार, कोणाला डायव्हिंग करायचंय, आईसोबत कोण कधी थांबणार. सगळा वेळ मुलीनेच थांबायचं असं झालं तर मुलगी वैतागते आणि आईला ते लगेच कळतं. आमच्यातल्या एकीला पहाटे उठायची सवय आहे, ती रोज काकूंना घेऊन किनाऱ्यावर फिरायला जायची आणि मी झोपायचे. आईला माझ्याशी बोलता येत नाही असं बरंच काही तिच्याशी बोलता आलं असणार, कारण परत आल्यावर दोघींचे फोन चालू असतात.

पैशांचं पण आत्ताच. आईचा खर्च माझा, पण आईसाठी म्हणून जी मोठी गाडी किंवा वेगळी बोट घेतली तिचा खर्च कोणाचा? आधी ठरवलं की कोणाच्या मनात काही राहत नाही. आम्ही एका ॲपमध्ये सगळं टाकत गेलो आणि शेवटी एकदाच हिशोब केला.

पायरी २: बेट आणि महिना

कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या बेटांवर थंडी अशी नसतेच, कोरडे महिने आणि पावसाचे महिने एवढाच फरक, आणि तो प्रत्येक ठिकाणी वेगळा. मालदीवला साधारण जानेवारी ते एप्रिल कोरडं, मे ते ऑक्टोबर नैऋत्य मोसमी वारे. बालीला उलट, एप्रिल ते ऑक्टोबर चांगलं आणि नोव्हेंबर ते मार्च पाऊस. मॉरिशसला नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. कॅरिबियनला हरिकेनचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात आणि सप्टेंबरमध्ये जोर सगळ्यात जास्त. एकाच देशात सुद्धा बदलतं, थायलंडचं फुकेत मे ते ऑक्टोबर भिजतं पण दुसऱ्या बाजूच्या सामुई बेटाला ऑक्टोबर ते डिसेंबर जास्त पाऊस. श्रीलंकेत पण तसंच, डिसेंबर ते मार्च दक्षिण-पश्चिम किनारा, मे ते सप्टेंबर पूर्वेचा त्रिंकोमालीकडचा. म्हणजे सुट्टी कधी मिळतेय ते आधी बघा आणि त्या महिन्याला साजेसं बेट शोधा. स्वस्त मिळतंय म्हणून पावसात गेलात तर नुसतं भिजणं नसतं, समुद्र खवळलेला असतो, बोटी रद्द होतात, पाणी गढूळ होऊन मासे दिसत नाहीत, आणि तरुण मंडळी रूममध्ये पत्ते खेळतील पण आईला कंटाळा येतो.

आता बेट कसं निवडायचं. फोटो बाजूला ठेवा आणि घरापासून रूमच्या दारापर्यंत किती वेळा वाहन बदलावं लागतं ते मोजा, आणि मोठं हॉस्पिटल किती लांब आहे ते बघा. मालदीवमध्ये जवळपास प्रत्येक रिसॉर्टचं स्वतःचं वेगळं बेट असतं, लांबच्या बेटांवर सी-प्लेनने (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) नेतात आणि ती सी-प्लेनं फक्त उजेडात उडतात, म्हणजे तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर ती रात्र एअरपोर्टजवळच काढावी लागते. हे माहीत नसेल तर आई थकलेली, बॅगा हातात, आणि रात्री हॉटेल शोधणं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा मोठं बेट घ्या, जिथे रस्ते आहेत, गाडी मिळते, हॉस्पिटल आहे (बाली, मॉरिशस, श्रीलंका, फुकेत अशी), आणि छोट्या बेटावर फार तर दोन रात्री.

पायरी ३: डॉक्टर, औषधं, इन्शुरन्स

निघायच्या चार ते सहा आठवडे आधी आईच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, कारण काही लशी घ्यायच्या असतील तर त्यांचा परिणाम व्हायला वेळ लागतो. तिथे हे नक्की विचारा: उकाड्यात बीपीच्या गोळ्यांचं काय (त्यातल्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि घामाने आधीच शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं), स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून, चेहरा पाण्यात घालून मासे बघणं) चालेल का, बोट लागू नये म्हणून कुठली गोळी चालेल. शेवटचं विचाराच, कारण बोट लागण्याच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते आणि प्रोस्टेट किंवा काचबिंदू असेल तर त्यातल्या काही चालत नाहीत.

औषधं लागतील त्यापेक्षा आठवडाभराची जास्त घ्या आणि दोन बॅगांत वाटून ठेवा, एक भाग केबिन बॅगेत. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं नाव दुसऱ्या देशात चालत नाही. इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत टाकू नका, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. वापरायला काढलेलं इन्सुलिनचं पेन ३० अंशांच्या खाली साधारण चार आठवडे टिकतं, पण बेटावरच्या दुपारी बाहेर ३० च्या वर सहज जातं म्हणून ते गार रूममध्येच ठेवा, आणि न उघडलेली पेनं फ्रीजमध्ये, फ्रीझरला चिकटून नाही.

इन्शुरन्स घेताना आईचे आधीचे आजार लपवू नका, नाहीतर क्लेमच्या वेळी अडतं. आणि बेटावरून दुसरीकडे हॉस्पिटलला हलवायचा खर्च पॉलिसीत आहे का ते वाचा, छोट्या बेटावरून पेशंट हलवायचा म्हणजे स्पीडबोट नाहीतर विमान लागतं. परदेशात जात असाल तर पासपोर्ट सहा महिने तरी चालू असायला हवा असा बऱ्याच देशांचा नियम आहे, आईचा पासपोर्ट जुना असतो, काढून बघा.

पायरी ४: विमान

हे पटकन सांगते. व्हीलचेअर मदत ४८ तास आधी सांगून ठेवा, आई म्हणेल मला काय झालंय, तरी सांगा, मोठ्या एअरपोर्टवर चालूनच गुडघे संपतात. चार तासांपेक्षा जास्त प्रवास असेल तर पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढतो म्हणून कडेची सीट घ्या, तासादीड तासाने उठवा, बसल्या जागी पावलं हलवायला सांगा. पॉवर बँक केबिन बॅगेतच.

पायरी ५: रूम बुक करताना फोनवर विचारायचे प्रश्न

मेल करा किंवा फोन करा, वेबसाइटवर हे लिहिलेलं नसतं. रूम तळमजल्यावर आहे का. जेट्टीपासून आणि जेवायच्या जागेपासून किती लांब, वाळूतून चालायचं की पक्का रस्ता. बाथरूममध्ये टब आहे की नुसता शॉवर, पायरी आहे का, धरायला दांडा आहे का. पाण्यावर बांधलेल्या व्हिला दिसतात फार सुंदर पण बऱ्याच ठिकाणी तिथून समुद्रात उतरायला उभी शिडी असते आणि रात्री कठडा नसलेल्या लाकडी रस्त्यावरून यावं लागतं. आईची रूम मैत्रिणींच्या रूमला लागून नको, दोन दारं सोडून हवी. रात्री हसणं-खिदळणं चालू असतं आणि तिला झोप हवी असते, दोन्ही बरोबरच आहे.

पायरी ६: स्पीडबोट, हे नीट वाचा

पहिल्या ट्रिपची सगळ्यात मोठी चूक इथली. आम्हाला वाटलं पुढून छान दिसतं, म्हणून आईला सगळ्यात पुढे बसवलं. किनारा सुटेपर्यंत ठीक होतं, मग बोटीने वेग घेतला आणि प्रत्येक लाटेवर पुढचा भाग उचलला जाऊन धाडकन आपटायला लागला, आई दोन्ही हातांनी बाकाची कड धरून, ओठ घट्ट मिटून बसलेली, आणि आम्ही मागे ओरडत होतो मजेत. उतरल्यावर तिला सरळ उभं राहता येईना. नशीब, मणक्याला काही नव्हतं, स्नायू आखडले होते, पण पाच दिवसांतले दोन दिवस पलंगावर गेले.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं की वेगातल्या बोटीत पुढे बसलेल्या माणसांचे मणके दबून फ्रॅक्चर झाल्याच्या केसेस होतात, आणि पन्नाशी-साठीनंतर हाडं ठिसूळ झालेल्या बायकांना धोका जास्त. म्हणून वडीलधाऱ्या माणसाला कायम मागे बसवायचं, इंजिनाच्या बाजूला, तिथे आपटणं सगळ्यात कमी. खाली जाड उशी किंवा दुमडलेले लाइफ जॅकेट (अंगावरचं वेगळं, हे जास्तीचं). चालवणाऱ्याला निघायच्या आधीच सांगायचं की हळू घ्या, एकदा बोट सुटली की त्याला आवाज ऐकू जात नाही. आणि शक्य असेल तर सकाळची बोट घ्या, बऱ्याच ठिकाणी दुपारनंतर वारा वाढतो. मोठी फेरीबोट मिळत असेल तर तासभर जास्त लागला तरी फेरीबोटच.

बोट लागत असेल तर गोळी निघायच्या अर्धा ते एक तास आधी, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नाही. नजर क्षितिजावर, मोबाइलमध्ये डोकं नाही.

पायरी ७: ऊन

तिथलं ऊन डोक्यावरचं असतं. यूव्ही (त्वचा भाजणारे अतिनील किरण) इंडेक्स म्हणून एक आकडा हवामानाच्या ॲपमध्ये दिसतो, ११ किंवा त्याच्या वर गेला की सगळ्यात वरचा टप्पा, आणि या बेटांवर दुपारी तो ११ च्या वर असणं नेहमीचं. ढग असले तरी बरंचसं यूव्ही खाली येतंच. सकाळी दहा ते दुपारी तीन सावलीत काढा, सगळ्यांनीच, फक्त आईने नाही. आमच्यातली एक दुपारी स्नॉर्कलिंगला गेली, पाठ पाण्याच्या वर, दोन तास, त्या रात्री तिला पाठीवर झोपता आलं नाही आणि आईच तिला गार पाण्याच्या पट्ट्या लावत बसली होती.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर परत. पण पातळ लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट घेतलात तर अर्धं सनस्क्रीन वाचतं आणि आईला त्यात मोकळं पण वाटतं, स्विमसूटचा संकोच राहत नाही. काही ठिकाणी प्रवाळाला बाधतात म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे, पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेटांच्या देशाने २०२० पासून घातली, हवाईमध्ये २०२१ पासून विक्री बंद. झिंक ऑक्साइडचं घ्या, बहुतेक ठिकाणी चालतं.

डायबिटीस असेल तर अनवाणी चालू देऊ नका. पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, दुपारच्या वाळूने तळवा भाजला तरी कळत नाही. आणि खुर्ची नारळाच्या झाडाखाली टाकू नका, वर बघा आधी.

पायरी ८: पाण्यात उतरणं

पोहोचल्या दिवशी उतरू नका. त्या दिवशी नुसतं किनाऱ्यावर बसा, तिथल्या माणसांना विचारा कुठे ओढ आहे, लाल झेंडा कुठे असतो. आणि भरती-ओहोटीच्या वेळा लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास, आणि वेळ रोज जवळपास पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त, आणि ओसरताना प्रवाळातल्या खाचांतून जोरात ओढ असते. ट्रिपच्या तारखा त्या दिवसांत येत असतील तर आईचं पाण्यात उतरणं मधल्या दिवसांत ठेवा.

रिप करंट म्हणजे किनाऱ्यावर आलेलं पाणी एका अरुंद पट्ट्यातून परत समुद्रात जातं ते. गंमत अशी की तोच पट्टा सगळ्यात शांत दिसतो, दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्ये गुळगुळीत गडद पाणी, आणि नवखी माणसं नेमकी तिथेच उतरतात. सापडलात तर किनाऱ्याकडे पोहत झगडू नका, दमाल. तरंगत राहा, हात वर करा, जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर या आणि मग आत वळा.

आता स्नॉर्कलिंग. दुसऱ्या ट्रिपला आईसाठी म्हणून एक पूर्ण सकाळ ठेवली. भरतीला थोडा वेळ होता, पाणी कमरेएवढं, खाली वाळू. आधी मास्क किनाऱ्यावर लावून बघितला, केसाची एक बट आत राहिली तरी पाणी शिरतं. मग उभ्या उभ्याच, नळी तोंडात धरून नुसता चेहरा पाण्यात. पहिल्या दोन वेळा घाबरून तिने लगेच डोकं वर काढलं, कारण नाकाने श्वास घ्यायची सवय. तिसऱ्यांदा तिने माझा दंड धरला आणि मोजून दहा श्वास आत राहिली. मग लाइफ जॅकेट घालून तरंगली, एक हात माझ्या हातात, दुसरा मैत्रिणीच्या. थोडं पुढे प्रवाळ होतं. एकदम तिने हात दाबला, आम्ही तिला उभं केलं, आणि ती म्हणाली, "अगं खाली काहीतरी कुरकुरतंय." ते पॅरटफिश होते, चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतात, पाण्यात तो आवाज स्पष्ट येतो, आणि ते कुरतडलेलं बाहेर टाकतात त्याचीच बऱ्याच बेटांवरची पांढरी वाळू झालेली असते. हे सांगितल्यावर तिने मूठभर वाळू उचलून बराच वेळ बघितली.

हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय हे करू नका. नळीतून श्वास घेताना जोर लागतो, त्यामुळे दम लागतोय असं वाटलं की लगेच उभं राहायचं, म्हणून पाय टेकतील इतकंच पाणी. प्रवाळावर उभं राहायचं नाही, पाय कापतो आणि ते मरतं. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट सगळ्यांना घ्या. शंख कितीही सुंदर दिसला तरी जिवंत असताना उचलू नका, कोन शंखाचा डंख जीवघेणा असू शकतो. काटेरी माशावर किंवा सी अर्चिनवर (काट्यांच्या गोळ्यासारखा समुद्रातला जीव) पाय पडला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवतात, पण पाणी किती गरम आहे ते दुसऱ्याने हात घालून बघायचं, आईला डायबिटीस असेल तर नक्कीच, आणि मग डॉक्टरकडे.

पायरी ९: दिवस कसा लावायचा

विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर बारा तासांचाच, सूर्य बुडाला की अर्ध्या तासात काळोख. त्यामुळे सकाळ हाच खरा वेळ. आमचं असं होतं: सकाळी सगळे एकत्र, एकच कार्यक्रम, दुपारी जो तो आपापला, संध्याकाळी परत एकत्र जेवण. रात्री नऊनंतर आई मोकळी आणि आम्ही मोकळ्या. एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा, सहा दिवसांची ट्रिप असेल तर चौथा. आईच्या पर्समध्ये हॉटेलचं नाव-पत्ता, माझा नंबर, औषधांची यादी असं एक कार्ड कायम असायचं, आणि तिच्या फोनमध्ये तिथलं सिम. यामुळे ती एकटी कॉफी प्यायला जायला लागली.

पायरी १०: खाणं, डास, ताप

पाणी बाटलीतलं किंवा उकळलेलं. जुलाब झाले तर ओआरएस, पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मोठे प्रवाळातले मासे, बाराकुडासारखे, खाताना तिथल्या लोकांना विचारा, काहींमध्ये सिग्वाटेरा नावाचं विष साठलेलं असतं आणि ते शिजवून जात नाही.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून रात्रीच्या मच्छरदाणीवर भागत नाही, सकाळी आणि दुपार कलताना पण डास पळवणारं क्रीम अंगाला लावायचं. सनस्क्रीन आधी, डासाचं क्रीम त्यावरून.

पायरी ११: परत येताना

ज्यांनी डायव्हिंग केलंय त्यांनी एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास आणि जास्त असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, म्हणून डायव्हिंग शेवटच्या दिवशी ठेवू नका. शंख, प्रवाळाचे तुकडे बॅगेत घालू नका, बऱ्याच देशांत परवानगीशिवाय नेता येत नाहीत आणि कस्टम्सला अडकलात तर आईला उगाच ताण. छोट्या बेटावर असाल तर विमानाच्या आदल्या दिवशीच मोठ्या बेटावर या, समुद्र खवळला आणि बोट रद्द झाली तर पुढचं सगळं कोसळतं.

घरी आल्यावर दोन आठवड्यांत कोणालाही ताप आला, अंग मोडून आलं, तर डॉक्टरांना आपणहून सांगा की आम्ही अशा बेटावर जाऊन आलो. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन नाही, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. आईला हार्टसाठी रोजची ॲस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा.